जांबोटीच्या पुढे निघण्याआधी : टायरची हवा कमी करायची साधनं कशी निवडावीत, कोणत्या क्रमानं वापरावीत

पाऊस ओसरला की बेळगावातून दर रविवारी गाड्या पिरनवाडी-किणयेमार्गे जांबोटी, कणकुंबीकडे निघतात. डांबर सोडून तांबड्या मातीच्या वाटेला लागण्याआधी टायरची हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते, हे आता बहुतेकांना ठाऊक झालंय. चूक होते ती खरेदीच्या क्रमात. लोक हवा सोडायचं चकचकीत साधन (डिफ्लेटर) आधी घेतात, हवेचा दाब मोजायचं गेज हाताला येईल ते वापरतात आणि हवा भरायचा कंप्रेसर पुढच्या महिन्यावर ढकलतात. मग संध्याकाळी १८ पीएसआय एवढ्या कमी हवेवर डांबरावरून खानापूर गाठायची पाळी येते.

माझ्यावर ती आली होती. खानापुरात पोचलो तेव्हा टायरच्या बाजूला हात टेकवत नव्हता. पंक्चरवाल्या मामांनी टायर रिमवरून उतरवला, आत बोटं फिरवली आणि तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर काजळासारखा काळा भुगा होता. टायरची आतली बाजू घासून निघाली की असा भुगा पडतो आणि तो टायर पुन्हा भरवशाचा राहत नाही. दोन टायर टाकून द्यावे लागले. मामा एवढंच म्हणाले, "हवा सोडायला काय, काडी बी चालते. भरायला काय हाय ते सांग की."

म्हणून क्रम असा ठेवा : आधी गेज, मग कंप्रेसर, आणि पैसे उरले तर डिफ्लेटर. आकड्यांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे गॅरेजात "तीस पौंड हवा" म्हणतात, तेच ३० पीएसआय. काही गेजवर बार असतो. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

टप्पा १ : आपला टायर आणि वॉल्व्ह ओळखा

साधन निवडण्याआधी गाडीखाली वाका आणि चार गोष्टी बघा.

पहिली, टायर ट्यूबलेस आहे की ट्यूबवाला. टायरच्या बाजूवर ते छापलेलं असतं. जुन्या जीप आणि तारांच्या चाकाच्या बऱ्याच मोटारसायकली ट्यूबवाल्या असतात. ट्यूबवाल्या टायरची हवा फार उतरवली तर जोर लागताच टायर रिमवर सरकतो, आतली ट्यूबही त्याच्याबरोबर ओढली जाते, आणि वॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असल्यामुळे त्याची मान मुळापासून फाटते. ही ट्यूब पंक्चर काढून दुरुस्त होत नाही. अशा गाडीत २२ च्या खाली जाऊ नका. वॉल्व्ह तिरपा दिसू लागला तर ट्यूब सरकायला लागली आहे असं समजा आणि तिथेच थांबा.

दुसरी गोष्ट वॉल्व्हची. रबरी वॉल्व्ह वाकतो. त्यावर जड पितळी साधन लावून सोडून दिलं तर मुळाशी चीर पडते. धातूचा वॉल्व्ह असेल तर बहुधा आत हवेचा सेन्सर असतो. त्याला निकेलचा मुलामा असलेली पिन (वॉल्व्हच्या आत बसणारी, दाबली की हवा सोडणारी छोटी झडप) लागते. ॲल्युमिनियमच्या वॉल्व्हात साधी पितळी पिन बसवली तर आपल्या पावसात दोन्ही धातू एकमेकांना खातात आणि पिन जाम होते. त्याच कारणासाठी अशा वॉल्व्हवर शोभेची धातूची टोपणं लावू नयेत, साधी प्लास्टिकचीच बरी.

तिसरी गोष्ट टायरची उंची. बाजूवर २३५/६५ आर १७ अशासारखा आकडा असतो. त्यातला मधला आकडा ५५ किंवा त्याहून कमी असेल तर टायरची भिंत बुटकी आहे. दगडावर रिम लगेच टेकतो. अशा गाडीची हवा २४-२५ च्या खाली उतरवू नका.

चौथी, कंपनीनं सांगितलेली हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो. तो वहीत लिहा, कारण परत भरताना तोच लागेल.

*सावध :* घरच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर त्यावर हे गेज किंवा डिफ्लेटर लावू नका. पाणी आत शिरलं की गेज बिघडू शकतं.

टप्पा २ : गेज

गेज घेताना बहुतेक जण मोठा आकडा बघून घेतात. शून्य ते १५० चं गेज ट्रकला ठीक आहे, तुम्हाला नको. गेजची चूक त्याच्या पूर्ण आवाक्याच्या टक्क्यांत धरतात. २ टक्क्यांची चूक १५० च्या गेजवर ३ पीएसआय होते, ६० च्या गेजवर जेमतेम सव्वा. ३२ वर ३ पीएसआय इकडे-तिकडे झाले तर चालून जातं. १८ वर तोच फरक म्हणजे टायर रिमवर राहणं किंवा निसटणं.

म्हणून शून्य ते ६० चं काट्याचं गेज घ्या. त्याला छोटी नळी आणि हवा सोडायचं बटण असावं. बटण असलं की गेज न काढता थोडी थोडी हवा सोडून नेमक्या आकड्यावर थांबता येतं. डिजिटल गेजही चांगलं असतं, फक्त त्याचा सेल बरोबर डोंगरात संपतो. एक जास्तीचा सेल ठेवा.

पेनासारखं दांडीचं गेज स्वस्त आणि टिकाऊ. दुसरं गेज म्हणून ते डॅशबोर्डात असू द्या.

*तपासा :* नवं गेज आणलं की एकाच थंड टायरवर तीन वेळा लावा. तिन्ही वेळा आकडा सारखा आला पाहिजे. उद्यमबागेतल्या कारखान्यात ओळखीचं कुणी असेल तर तिथल्या कॅलिब्रेट केलेल्या गेजशी ते ताडून घ्या. फरक निघाला तर गेजच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहा, "२ जास्त दाखवतं". फरक माहीत असलेलं गेज अडचणीचं नसतं. न तपासलेल्या गेजवर मात्र विसंबू नका.

टप्पा ३ : कंप्रेसर

जांबोटीच्या पुढे हवा भरून मिळेल या भरवशावर राहू नका. रविवारी संध्याकाळी तर नाहीच.

कंप्रेसर घेताना दुकानदार जास्तीत जास्त दाब सांगतो, १५० पीएसआय वगैरे. तुम्हाला ३५ च्या वर जायचंच नाही. विचारायचं ते दुसरंच : मिनिटाला किती लिटर हवा, सलग किती मिनिटं चालतो, आणि तापल्यावर आपोआप बंद होतो का. चार मोठे टायर १८ वरून ३२ वर न्यायचे म्हणजे साध्या कंप्रेसरला पाऊण तास काम असतं. मधे त्याला थंड व्हायला वेळ द्यावा लागतो तो वेगळा.

लायटरच्या सॉकेटला बहुधा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. जोरकस कंप्रेसर तिथे लावला की फ्यूज उडतो. मग हवाही भरत नाही आणि मोबाइलही चार्ज होत नाही. मोठा कंप्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा असतो. जोडताना तांबडा चिमटा आधी, काळा नंतर; काढताना उलट. इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल. गाडी मात्र उघड्यावर असू द्या.

हातात धरायचे चार्जिंगचे छोटे पंप सध्या सगळीकडे दिसतात. शहरात एका टायरची दोन-चार पीएसआय हवा वाढवायला ते उत्तम. चारही टायरांना मात्र माझ्या अनुभवात ते पुरले नाहीत, दुसऱ्या टायरलाच तापून बंद पडले. मोटारसायकलीला एवढा पंप पुरतो.

*तपासा :* नळी आणि वायर मिळून मागच्या दूरच्या चाकापर्यंत पोचते का, हे दुकानाच्या दारातच बघा. घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

टप्पा ४ : हवा सोडायचं साधन

इथे पर्याय चार आहेत. कोणता घ्यायचा ते तुम्ही महिन्यातून किती वेळा डांबर सोडता यावर ठरवा.

*पिन दाबणं.* काडी, किल्ली किंवा गेजचं बटण. खर्च शून्य. ३२ वरून २० वर यायला मोठ्या टायरला तीन-चार मिनिटं लागतात, चार टायर म्हणजे पाव तास. वर्षातून तीन-चार वेळा जाणाऱ्याला हे पुरेसं आहे आणि त्यानं याहून जास्त काही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बटणाचं गेज असेल तर काडीचीही गरज नाही.

*पिन काढायचा पाना.* टोपणाच्या आकारात मिळतो. पिन अख्खी काढली की हवा भसाभसा जाते. पण ती बोटांतून उडते आणि गवतात पडली की सापडत नाही. शिवाय हवा जात असताना किती उरली ते कळत नाही. हा पाना पेटीत जरूर ठेवा, पण पिन सैल झाली तर आवळण्यासाठी. हवा सोडण्यासाठी नव्हे.

*पिन काढणारा गेजसकट डिफ्लेटर.* एआरबी कंपनीचा ई-झी डिफ्लेटर या जातीतला. वॉल्व्हवर फिरवून बसवायचा, मागची दांडी आत ढकलून पिनेच्या खाचेत बसवायची, उलटी फिरवायची. पिन सुटली की दांडीला हलका झटका बसतो. ती मागे ओढली की पिन साधनाच्या पोटातच राहते, हरवत नाही. मग बाजूची सरकती नळी उघडायची की हवा सुटते. मोठा टायरसुद्धा मिनिटभराच्या आत उतरतो. महिन्यातून एकदा-दोनदा जाणाऱ्यानं हाच घ्यावा.

यातली नेहमीची चूक म्हणजे हवा सुटत असताना गेज वाचणं. त्या वेळी काटा खरा दाब दाखवत नाही, कमी दाखवतो. नळी बंद करा, काटा स्थिर होऊ द्या, मग वाचा. दुसरी चूक म्हणजे घाईत पिन तिरकी बसवणं. आटे चुकले तर वॉल्व्हच बदलावा लागतो. पिन बसवताना पहिले दोन वेढे जोर न लावता, बोटांनीच गेले पाहिजेत. अडकली तर मागे घ्या, पुन्हा लावा. शेवटी हलकं आवळायचं. कचकचून आवळली तर तिचं रबर चेपून गळती सुरू होते.

*आपोआप थांबणारे डिफ्लेटर.* स्टाउनसारखे पितळी, चारचा संच येतो. आधी ठरवलेल्या दाबावर ते आपोआप बंद होतात. चारही टायरांवर लावले की चहाचा थर्मास उघडेपर्यंत काम झालेलं असतं. सात-आठ गाड्यांच्या गटात हे फार सोयीचे पडतात. पण ते ज्या आकड्यावर बसवले असतील त्याच आकड्यावर थांबतात. जमीन बदलली की पुन्हा बसवावे लागतात आणि त्याला घरची निवांत वेळच हवी. तोंडात तांबडी धूळ बसली की झडप नीट बसत नाही, मग एक टायर २० वर थांबतो आणि दुसरा १५ वर जातो. म्हणून हे लावले तरी शेवटी गेज लावायचंच.

चारही चाकांना एकदम जोडायच्या नळ्यांचाही संच मिळतो. सगळे टायर सारख्या दाबावर येतात हे खरं. पण मागे सामान असेल तर मागच्या टायरना दोन-तीन पीएसआय जास्त लागतात. ते या संचानं एका दमात होत नाही.

मोटारसायकलवाल्यांनी डिस्क आणि चेनचक्राच्या फटीत साधन बसतं का ते आधी पाहावं. काटकोनात वळलेलं तोंड नसेल तर बहुतेक डिफ्लेटर बसतच नाहीत.

टप्पा ५ : घरी एकदा तालीम

शनिवारी संध्याकाळी अंगणात हे सगळं एकदा करून बघा. एका टायरची हवा २० वर आणा, पुन्हा ३२ वर न्या, घड्याळ लावा. दोन्ही वेळा लिहून ठेवा. उद्या परतीची वेळ त्यावरून ठरवायची आहे.

मग पिनेवर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. बुडबुडा फुगायला लागला तर पिन गळते आहे.

पेटीत हे भरा : दोन गेज, कंप्रेसर, निवडलेलं साधन, सहा जादा पिना, पिनेचा छोटा पाना, चार जादा टोपणं, ट्यूबलेसचं पंक्चर किट, हातमोजे, कपाळाला लावायची बॅटरी. टोपणांसाठी एक छोटी डबी ठेवा. खिशात घातलेली टोपणं परत येत नाहीत.

टप्पा ६ : किती उतरवायची

खाली दिलेले आकडे ट्यूबलेस टायरच्या, साध्या रिमच्या जीपगाड्यांसाठी आहेत आणि ते सुरुवात म्हणून घ्या. गाडीचं वजन पाहून दोन पीएसआय इकडे-तिकडे करा.

जांभ्याचा खडबडीत पण कोरडा रस्ता : २५ ते २८. तांबड्या मातीचा ओला चिखल, गवताळ उतार : १८ ते २२. सुटे दगड, ओढ्याचं पात्र : २० ते २४. नदीकाठची वाळू : १६ ते १८. पंधराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, टायर रिमवरून निसटतो.

जांभ्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला तोच जास्त भेटतो. चिरा फुटला की त्याची कड करवतीसारखी असते. हवा कमी असली की टायर पसरतो आणि त्याची मऊ बाजू बाहेर येते. कड त्या बाजूला लागली तर पंक्चर किट काही करू शकत नाही, बाजूचा काप बुजवता येत नाही. म्हणून चिखल आणि जांभा आळीपाळीनं येत असतील तर मी २२ वर राहतो. पकड थोडी कमी मिळते, टायर वाचतो.

पूर्वेची काळी जमीन वेगळी. बैलहोंगल, सौंदत्तीकडची ओली काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. तिथे हवा कितीही उतरवा, फरक थोडाच पडतो. तिथे दोन दिवस ऊन पडू देणं हाच उपाय आहे. शिवाय ती वाट कुणाच्या तरी शेतातून जात असते, चाकोऱ्या पाडून ठेवायच्या नसतात.

गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायला बंदी आहे, त्यासाठी हवा उतरवू नका. भीमगड अभयारण्यातल्या वाटांनाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये.

*सावध :* तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. बेळगावातून ३२ वर निघालात तर जांबोटीला पोचेपर्यंत गेज ३५-३६ दाखवतं. तिथे लगेच २० वर आणलं आणि मग गाडी ओढ्याच्या गार पाण्यात घातली, तर टायर थंड होऊन १७-१८ वर येतो. गरम टायरवर २२-२३ ला थांबा, थंड झाल्यावर २० मिळतील.

टप्पा ७ : जागेवरचा क्रम

१. डांबर संपायच्या आधी, सपाट आणि कडेच्या जागी थांबा. चिखलात रुतल्यावर हवा सोडायला बसलात तर वॉल्व्ह चिखलाखाली असतो आणि पिनेत माती जाते.

२. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा.

३. चारही टायरचे आकडे आधी वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा चार-पाच पीएसआय कमी असेल तर त्यात आधीच पंक्चर असू शकतं. ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. टोपणं डबीत. वॉल्व्हचं तोंड फडक्यानं पुसा.

५. साधन लावा, एका हातानं आधार द्या, ठरलेल्या आकड्यापेक्षा दोन पीएसआय जास्त असतानाच थांबा. मग गेजच्या बटणानं उरलेली हवा सोडा.

६. एकाच अक्षावरच्या दोन्ही टायरांत १ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको.

७. पिनेवर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा बघा, टोपण घट्ट लावा.

*तपासा :* हवा उतरवण्याआधी रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची बोटांनी मोजून ठेवा. ती साधारण पाव भागानं कमी झाली की थांबायचं. अर्धी झाली असेल तर गेज खोटं बोलतंय, कंप्रेसर काढा.

यापुढे २० च्या आसपास असाल तर वेग ताशी ३० च्या आत. स्टिअरिंग झटक्यानं वळवू नका, टायर रिमवरून निसटतो तो बहुधा वळणावरच. हवेचा पिवळा दिवा डॅशबोर्डवर पेटेल, तो अपेक्षित आहे. पण दर तासाला उतरून डोळ्यांनी चारही टायर बघा, कारण खरंच पंक्चर झालं तरी दिवा आधीचाच पेटलेला असतो.

टप्पा ८ : परत भरताना

डांबर लागलं की तिथेच भरा. "पुढच्या गावात बघू" म्हणायचं नाही. तुमच्या शनिवारच्या तालमीत हवा भरायला लागलेला वेळ चारनं गुणा, त्यात कंप्रेसर थंड व्हायची आणि आवराआवरीची वीस मिनिटं मिळवा आणि तेवढा उजेड हातात ठेवून जंगलातून बाहेर पडा.

भरण्याआधी चिखल झाडून टायरच्या दोन्ही बाजू बघा. आतल्या बाजूचा काप हमखास नजरेतून सुटतो. वॉल्व्हचं तोंड पाण्यानं धुऊन, पुसूनच नळी लावा, नाहीतर वाळूचा कण पिनेत जाऊन बसतो.

दोन टायर झाले की कंप्रेसरला दहा मिनिटं विसावा द्या. त्याच्या डोक्याला आणि नळीच्या पितळी तोंडाला हात लावू नका, भाजतं. कंप्रेसरवरचा आकडा भरताना जास्त दिसतो, म्हणून बंद करून आपल्या गेजनं बघा. टायर कोमट असतील तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा दोन पीएसआय जास्त भरा.

साधनं तिथेच पुसा. घरी आल्यावर डिफ्लेटरची दांडी मागेपुढे करून आतली माती फुंकरीनं काढा. तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, चारही टायर पुन्हा वाचा आणि वहीत लिहा. तीन टायर ३२ आणि एक २८ असेल तर आधी पिनेवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडा आला तर पिन बदला. नाही आला तर रिम आणि टायरच्या सांध्यावर पाणी फिरवा, तिथे अडकलेली तांबड्या मातीची खपली हळूहळू हवा सोडत असते. टायर उतरवून रिमची कड साफ करायला पंक्चरवाल्याला सांगा.